आडात नाही तर पोहऱ्यात कुठून?

गाडीत दणदणीत स्टिरिओ बसवणाऱ्या तरुण मंडळींशी माझे भांडण नाही. हौसेला मोल नसते, आणि आम्ही तरी ट्रान्झिस्टर कानाला लावून क्रिकेटची कॉमेंटरी ऐकलीच की! माझे भांडण आहे ते एका उलट्या हिशोबाशी. अँप्लिफायर आणि वूफरवर पैसा ओतायचा, आणि त्यांना वीज नेणारी तार मात्र दुकानदाराने 'वर फुकट' दिलेली घालायची! हा हिशोब नुसता चुकीचा नाही, धोक्याचा आहे. आणि त्याला दुकानदाराइतकेच गिऱ्हाईकही जबाबदार आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

"मावशी, तू मराठीची बी.ए., तुला यातले काय कळते?" असे माझा भाचा म्हणालाच. बाबा रे, मी वर्षानुवर्षे सातवीला सामान्य विज्ञानही शिकवले. ओहमने आपला नियम १८२७ साली मांडला आणि ज्यूलने तार का तापते ते १८४१ साली सांगितले. त्यानंतर निसर्गाने नियम बदललेले नाहीत. गाडीच्या डिकीत तर मुळीच नाही.

चला, फळ्यावर गणित मांडू. (कंटाळा करू नका, सोपे आहे.) खरोखरचा, म्हणजे आर.एम.एस. ५०० वॉटचा आवाज हवा आहे. आठवतात ना ते टेपरेकॉर्डरवरचे 'पी.एम.पी.ओ.'चे हजारो वॉट? ते सोडून द्या. चांगला क्लास डी अँप्लिफायर ८० टक्के कार्यक्षम धरला, तर त्याला ६२५ वॉट लागतात. इंजिन चालू असताना दाब १३.८ व्होल्ट धरला, की धारा झाली साधारण ४५ अँपिअर. आता ४ चौरस मिलिमीटरची, ५ मीटर लांब, शुद्ध तांब्याची तार घ्या. पूर्ण आवाजात या तारेतच जवळजवळ १ व्होल्ट खर्च होतो आणि ४० वॉटहून अधिक उष्णता गालिच्याखाली तयार होते. तीच तार तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असेल (स्वस्त किटमध्ये बहुधा तीच असते!) तर तोटा दीडपट. आणि २० चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घातली तर? ०.२ व्होल्ट आणि ९ वॉट. संपला विषय.

पण खरा घोळ पुढेच आहे. लाल तारेकडे निदान थोडे तरी लक्ष जाते, परतीच्या वाटेकडे कोणीच पाहत नाही. जेवढी धारा जाते तेवढीच बॅटरीकडे परत यायला हवी, आणि ती येते गाडीच्या पत्र्यातून. यालाच आपले वायरमन 'बॉडी अर्थ' म्हणतात. रंग हा विजेचा रोधक आहे. त्यामुळे रंग खरवडून, चकचकीत पत्र्यावर, रिंग लावून बोल्ट घट्ट आवळायचा आणि वर गंज न लागेल असा थर द्यायचा, हे काम दहा मिनिटांचे. ते टाळून सीटबेल्टच्या बोल्टला तार अडकवणारे महाभाग आहेत! जो बोल्ट जीव वाचवण्यासाठी आहे, त्याला हात लावायचा नसतो. सैल जोडाचा रोध नुसता ०.०२ ओहम असला तरी ४५ अँपिअरला तिथे ४० वॉट एकाच बिंदूवर जळतात. सोल्डरिंगची लहान इस्तरी २५ वॉटची असते, यावरून काय ते समजा.

बॉनेटखालीही तीन तारा पाहाव्या लागतात: अल्टरनेटर ते बॅटरीचे धन टोक, इंजिन ते बॉडी आणि बॅटरीचे ऋण टोक ते बॉडी. कारखान्याने त्या मूळच्या भारापुरत्या दिल्या आहेत. त्या काढायच्या नाहीत, शेजारी जाड तारा जोडायच्या, आणि अल्टरनेटरच्या तारेला फ्यूज द्यायचा. नव्या गाड्यांत ऋण टोकावर सेन्सर असेल तर जोड बॉडीच्या बाजूला घ्यायचा.

भाच्याच्या गाडीत काय झाले ते सांगते. ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मिणमिणत. ज्या दुकानात काम केले तिथल्यांनी 'कपॅसिटर लावा' म्हणून आणखी पैसे घेतले. पुढे जळका वास आला. उघडून पाहिले तर इंजिनाकडून आत येणाऱ्या भोकाला रबरी ग्रोमेट नव्हते, पत्र्याच्या कडेने तारेचे आवरण कापले होते, आणि फ्यूज होता तो डिकीत! अहो, फ्यूज तारेच्या रक्षणासाठी असतो. तो बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा, नाहीतर मधली सगळी तार उघड्यावर. मागच्या सीटवर त्याची चार वर्षांची लेक बसते, हे त्या दुकानदाराला दिसत नव्हते का?

'इतक्या गाड्या फिरतात, कुठे काय होते?' हा युक्तिवाद मला सर्वांत जास्त चीड आणतो. हेल्मेट न घालणाराही हेच म्हणतो. आणि कपॅसिटर वीज निर्माण करत नाही, तो क्षणभराची उसनवारी आहे. लहान गाडीचा अल्टरनेटर साधारण ६० ते ९० अँपिअरचा, उभ्या गाडीत त्याहून कमी देणारा. त्यातून दिवे, पंखा, इंजिन यांचे भागवून उरेल तेवढेच तुमचे. तारा जाड केल्याने हा आकडा वाढत नाही, फक्त वाटेतली गळती थांबते. म्हणून आधी ही वजाबाकी करा, मग वॉट ठरवा.

तेव्हा भाचे-पुतणे मंडळी, दुकानात गेलात की वॉट विचारू नका. तारेचा धातू, तिची जाडी चौरस मिलिमीटरमध्ये आणि फ्यूजची जागा बिलावर लिहून मागा. काम झाल्यावर सलग मोठा सूर लावून मल्टिमीटरचे एक टोक अँप्लिफायरच्या ऋण टोकाला आणि दुसरे बॅटरीच्या ऋण टोकाला लावायला सांगा. ०.२ व्होल्टहून जास्त दिसले तर परतीची वाट पुन्हा करून घ्या. आणि जो हे करायला कां कू करेल, त्याच्या दुकानातून सरळ उठून या.