उसन्या नावाचे ऋण

आपल्याकडे मूल आधी जन्माला येते आणि मग त्याचे बारसे होते. धंद्याच्या बाबतीत मात्र हा क्रम उलटा होऊ लागला आहे. आमच्या महाविद्यालयातील काही मित्रमैत्रिणी कपड्यांचा छोटासा उद्योग काढू म्हणत आहेत. जुन्या साड्या, शिंप्याकडचे उरलेले कापड, हातमागाचे सूत यांपासून निसर्गाला जाच होणार नाही असे कपडे करावयाचे, हा त्यांचा विचार. विचार स्तुत्य आहे. पण अजून एक सदराही शिवून झालेला नाही आणि नावाचा शोध मात्र जपान, इटली, आइसलँड अशा मजला मारीत चालला आहे. एक पक्ष म्हणतो, परदेशी नाव असल्याखेरीज गिऱ्हाईक फिरकणार नाही. दुसरा म्हणतो, ही गुलामी वृत्ती आहे. मायबोलीत काय शब्दांचा दुष्काळ पडला आहे? मला हे दोन्ही पक्ष सारखेच अपुरे वाटतात. नाव कोठून आणले हा प्रश्न दुय्यम आहे. ज्या भूमीचे नाव आणले तिला बदल्यात काय दिले, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचा विचार हवेत करण्यापेक्षा एका प्रत्यक्ष उदाहरणावर केलेला बरा. निसर्गाची बूज राखणाऱ्या कपड्यांचा विषय निघाला की अमेरिकेतील ‘पॅटागोनिया’ या कंपनीचे नाव हटकून घेतले जाते. तिचा संस्थापक यव्हॉन शुइनार्ड हा मूळचा लोहारकाम करणारा गिर्यारोहक. खडकात ठोकावयाच्या लोखंडी मेखा तो स्वतः घडवी आणि मोटारीच्या मागच्या भागातून विकी. १९६८ साली तो व त्याचे मित्र कॅलिफोर्नियाहून एका व्हॅनमधून निघाले आणि थेट दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडील पॅटागोनिया प्रदेशात पोहोचले. तेथे वादळे टळण्याची वाट पाहत बर्फाच्या गुहेत कित्येक दिवस काढून त्यांनी फिट्झ रॉय हे अवघड शिखर सर केले.

पुढचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. १९७० साली स्कॉटलंडहून त्याने रग्बीचा एक जाड सदरा आणला. त्याची भक्कम कॉलर चढाईच्या वेळी मानेला दोराचा काच लागू देत नसे. मित्रांनी तो मागितला आणि कपड्यांच्या धंद्याचा उगम झाला. १९७२ साली, आपल्याच मेखांनी खडकाला कायमच्या जखमा होतात हे पाहून, त्याने त्या हातोडीने ठोकावयाच्या मेखांच्या ऐवजी हाताने फटीत बसविण्याच्या साधनांचा पुरस्कार सुरू केला. वास्तविक मेखा हाच त्याचा हुकमी माल होता. आणि १९७३ च्या सुमारास कपड्यांना ‘पॅटागोनिया’ हे नाव मिळाले. म्हणजे सदरा आधी, सद्बुद्धी त्याहून आधी नसली तरी नावाच्या आधी, आणि बारसे शेवटी!

नाव निवडण्याची कारणे मात्र अगदी व्यापारी होती. दूर, गूढ, नकाशाच्या कडेला असलेले ठिकाण. ऐकताच वादळे आणि हिमशिखरे डोळ्यांपुढे यावीत. आणि कोणत्याही भाषेच्या माणसाला उच्चारता यावे. फिट्झ रॉयच्या शिखररांगेची आकृती कंपनीचे चिन्ह झाली. येथवर पाहिले तर आमच्या मित्रांचा आइसलँडचा शोध आणि हा शोध यांत फारसे अंतर नाही.

शिवाय हे नाव मुळातच उसने आहे. १५२० साली मॅगेलनच्या जहाजांनी त्या किनाऱ्यावर हिवाळा काढला, तेव्हा तेथील उंच बांध्याच्या लोकांना त्याने ‘पातागोन’ म्हटले. हा शब्द त्या काळच्या एका स्पॅनिश अद्भुतकथेतील पात्रावरून आला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. त्या लोकांनी स्वतःला कधी तसे म्हटले नव्हते. शिखराचीही तीच गत. तेहुएल्चे लोक त्याला ‘चाल्तेन’ म्हणत. शिखराभोवती सतत ढग रेंगाळतात, म्हणून धूर सोडणारा डोंगर. १८७७ साली अर्जेंटिनाच्या पेरितो मोरेनो या संशोधकाने त्याला बीगल जहाजाच्या कप्तानाचे, रॉबर्ट फिट्झरॉयचे नाव दिले. अशा रीतीने एकाने दिलेले नाव दुसऱ्याने नकाशावर चढविले आणि तिसऱ्याने ते जाकिटावर शिवले!

मग ऋणाचे काय? येथे या कंपनीची बाजू मांडलीच पाहिजे. विक्रीचा एक टक्का निसर्गरक्षणाला देण्याचा नेम ती १९८५ पासून सांगते. १९९६ पासून तिने आपले सर्व सुती कपडे सेंद्रिय कापसाचे केले. १९९३ पर्यंत तिचा कारभार पाहणाऱ्या क्रिस्टीन टॉम्पकिन्स या बाईंनी तर नोकरी सोडून त्या प्रदेशातच बस्तान मांडले. त्यांचे पती डग टॉम्पकिन्स हे १९६८ च्या त्या प्रवासातील सोबती. या दांपत्याने माळराने आणि जंगले विकत घेतली, ती पुन्हा रानाच्या हवाली केली, आणि सरकारांना दान दिली. अर्जेंटिनातील मोंते लेओन हे राष्ट्रीय उद्यान २००४ साली अशाच दानातून उभे राहिले. पतीच्या निधनानंतर बाईंनी चिलीला सुमारे दहा लाख एकर जमीन दिली आणि २०१८ साली तेथे ‘पॅटागोनिया’ याच नावाचे राष्ट्रीय उद्यान झाले. हे काम कंपनीचे नव्हे, व्यक्तींचे, हे खरे. पण नावाच्या ओढीने माणसे मूळ ठिकाणी परत गेली, ही गोष्ट मला मोलाची वाटते.

दुसरी बाजूही आहे. पॅटागोनियातल्याच मेंढ्यांची लोकर ही कंपनी मोठ्या अभिमानाने घेत असे. २०१५ साली तेथील मेंढ्यांना क्रूरपणे वागविले जात असल्याचे चित्रण प्रसिद्ध झाले आणि कंपनीला ती खरेदी थांबवावी लागली. २०११ साली ‘हे जाकीट विकत घेऊ नका’ अशी जाहिरात तिने दिली आणि एका जाकिटामागे १३५ लिटर पाणी खर्च होते हे आपणहून सांगितले. तरी जाकिटे विकणे काही थांबविले नाही. २०२२ साली शुइनार्ड कुटुंबाने मालकी निसर्गकार्यासाठी सोडून दिली. तथापि एक ऋण बाकीच आहे. उद्याने झाली, पण ज्यांना परक्यांनी ‘पातागोन’ म्हटले त्यांचे काय? तेहुएल्चे भाषा अस्खलित बोलणारी शेवटची म्हणून ओळखली जाणारी वृद्धा २०१९ साली निवर्तली. चिन्हावर शिखर आहे. ‘चाल्तेन’ हा शब्द नाही.

हा हिशेब परक्याचा म्हणून मी मांडीत नाही. नाव उसने देणाऱ्याचे दुःख आपल्यालाही ठाऊक असावयास हवे. इंग्रजीत जाड्याभरड्या कापडाला ‘डंगरी’ म्हणतात, तो शब्द आपल्या मुंबईच्या डोंगरीचा, असे सांगितले जाते. ‘कॅलिको’ हा कालिकतचा. ही नावे जहाजांतून साऱ्या जगभर गेली. पण त्यांत निदान माल तेथला होता, नाव मालाबरोबर गेले होते. आज डंगरी घालणाऱ्या किती जणांना डोंगरी कोठे आहे हे ठाऊक असेल? आणि ते कापड विणणाऱ्यांच्या मागांची चौकशी करावयास कोण आले?

म्हणून परदेशी नाव घेण्यास माझा मुळीच विरोध नाही. प्रवासात मनाला भिडलेले एखादे गाव, डोंगर, शब्द जवळ बाळगावासा वाटणे ही चांगल्या मनाची खूण आहे. परंतु ज्या उद्योगाने ‘आम्ही निसर्गाकडून घेतो तेवढे जपतो’ असे म्हणावयाचे, त्याने नावाच्या बाबतीतही तोच नियम पाळला पाहिजे. आधी माल करावा. मग त्या शब्दाचे मूळ, तो बोलणारी माणसे आणि त्यांनी त्या जागेला स्वतः दिलेले नाव जाणून घ्यावे. तेथून काय आले आणि तेथे काय परत जाणार, हे कपड्याच्या चिठ्ठीवर स्वच्छ लिहावे. इतके जमत नसेल, तर आपल्या गल्लीचे नाव द्यावे. तिचे देणेही काही कमी नसते, पण निदान ते मागावयास लोक दारात येऊ शकतात.

मराठीत ‘नाव घेणे’ याला एक खास अर्थ आहे. ज्याचे नाव घ्यावयाचे त्याच्याशी जन्माची गाठ बांधलेली असते आणि ती चारचौघांत कबूल करावयाची असते. उखाणा कितीही सुंदर असला, तरी नाते नसताना कोणी नाव घेत नाही.