तो वैमानिक कधी नव्हताच

एखाद्या लाडक्या कलाकृतीवरचा चित्रपट फसला की रसिकांचा रोष दिग्दर्शकावर कोसळतो. मूळ कर्त्याला काय अभिप्रेत होते ते या उपऱ्याला उमगलेच नाही, असा तो आक्षेप असतो. १९९९ साली अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या ‘विंग कमांडर’ या चित्रपटाच्या बाबतीत ही सोयीची पळवाट बंद आहे. ‘ओरिजिन सिस्टिम्स’ने १९९० साली आणलेल्या त्याच नावाच्या व्हिडिओ गेमचे जनक ख्रिस रॉबर्ट्स हेच चित्रपटाचे दिग्दर्शक होते; कथाही त्यांचीच. कर्त्यानेच आपल्या कृतीचे रूपांतर केले आणि त्यातून मूळ कृतीचा प्राणच निसटला. रूपांतराचा विचार करणाऱ्यांनी या विस्मृत चित्रपटाकडे वळून पाहावे असे आम्हाला वाटते, ते यासाठी.

खेळाची कथा साधीच होती. सत्ताविसावे शतक, मानव आणि किलराथी नावाच्या मार्जारसदृश जमातीचे युद्ध, ‘टायगर्स क्लॉ’ हे अंतराळातले विमानवाहू जहाज आणि त्यावर नव्याने रुजू झालेला वैमानिक. या वैमानिकाला नाव नव्हते. खेळणाऱ्याने आपले नाव लिहायचे आणि कामाला लागायचे. जहाजावरच्या बारमध्ये सहकारी भेटत, कानमंत्र देत, बढाया मारत; भिंतीवरच्या फळ्यावर कोणी शत्रूची किती विमाने पाडली त्याचा हिशेब असे. पुढे त्यांच्यापैकीच एकाला सोबत घेऊन लढायला जायचे. तो मारला गेला तर शवपेटी अवकाशात सोडली जाई, आणि जिथे त्याची साथ मिळायची त्या मोहिमांवर एकट्यालाच जावे लागे. मोहीम फसली म्हणून खेळ थांबत नसे. कथा पराभवाच्या वाटेने पुढे सरके आणि जिंकणारा शेवटी जिथे पोचे त्या व्हेनिसऐवजी हरणारा हेल्स किचन नावाच्या ताराप्रणालीत जाऊन पडे. आधी साठवून ठेवलेला खेळ उघडून मृताला परत आणता येई, हे खरे. पण ती लबाडी आपलीच असे आणि आपल्याला ठाऊक असे.

कादंबरीत नायकाच्या चुकीचे आपण साक्षीदार असतो. इथे चूक आपली होती. लिंडा हचिन यांनी २००६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात रूपांतराचा विचार करताना सांगणे आणि दाखवणे यांच्या जोडीला सहभागी होणे हा तिसरा प्रकार मानला, त्याचे महत्त्व अशा खेळांपाशी कळते.

चित्रपटावर एरवी घेतले जाणारे आक्षेप आम्हाला फारसे गंभीर वाटत नाहीत. किलराथी रबरी बाहुल्यांसारखे दिसतात, हे मान्य. निर्वात पोकळीत शत्रूच्या सोनारचे ठोके ऐकू येतात आणि जहाजावरचे सगळे श्वास रोखून उभे राहतात, हे हास्यास्पद आहे. (त्या जहाजावर युर्गन प्रोखनोव्ह असावेत, ही गंमतच. १९८१च्या ‘दास बूट’मध्ये पाणबुडीचे कप्तान तेच होते.) मोडके विमान बुलडोझरने ढकलले की ते अंतराळातही खाली पडते. पण मूळ खेळ तरी कुठे विज्ञाननिष्ठ होता? तीही दुसऱ्या महायुद्धातली सागरी विमानयुद्धेच होती, ताऱ्यांमध्ये नेऊन मांडलेली. नटसंच बदलल्याची तक्रारही तशीच. १९९४च्या तिसऱ्या खेळात मार्क हॅमिल आणि माल्कम मॅकडॉवेल प्रत्यक्ष अभिनय करताना दिसले होते, चित्रपटात ते दिसत नाहीत. पण डेव्हिड वॉर्नर आणि डेव्हिड सुशे यांना कमअस्सल कोण म्हणेल?

आमची तक्रार निराळी आहे. चित्रपटातल्या वैमानिकांचा एक रिवाज आहे: मेलेल्याविषयी बोलायचे नाही, तो कधी नव्हताच असे मानायचे. ही कल्पना खेळात नव्हती, आणि ती समर्थ आहे. शवपेटीला सलामी देणाऱ्या खेळाच्या कर्त्याने नेमके उलट टोक गाठले होते. शोकाला शब्दच नाकारले तर माणसे कशी जगतात, हा प्रश्न त्याच्या हाती आला होता. प्रत्यक्षात काय होते? मॅनिअक नावाच्या साहसवेड्या वैमानिकाच्या उतावीळपणाची परिणती रोझी फोर्ब्जच्या मृत्यूत होते. बुलडोझर येतो, काही मिनिटे क्रोध, अश्रू, आणि कथेला पुन्हा घाई. जिच्यासोबत आपण एकही मोहीम लढलो नाही तिच्यासाठी रडा, असा हा आग्रह आहे. खेळात ज्या सोबतीसाठी तास खर्ची पडत, ती इथे संवादांतून उधार मागावी लागते.

दुसरी गोष्ट अधिक खटकते. चित्रपटाचा नायक क्रिस्टोफर ब्लेअर हा ‘पिलग्रिम’ नावाच्या वंशाच्या आईचा मुलगा. यंत्राशिवाय ताऱ्यांतून वाट काढण्याची शक्ती या वंशाच्या रक्तातच असते आणि तिच्याच बळावर तो संकट निवारतो. खेळातल्या निनावी वैमानिकापाशी सरावाखेरीज काही नव्हते. दहा वेळा विमान गमावून अकराव्या वेळी जमले तर जमले. ‘मृत्युंजय’ वाचत वाढलेल्या मराठी वाचकाला हा फरक समजावून सांगायला नको. जन्माचे रहस्य कर्णालाही आहे, परंतु ते त्याला तारत नाही, छळते. ब्लेअरच्या वाट्यालाही पिलग्रिम म्हणून सहकाऱ्यांचा तिरस्कार येतो, आणि तिथे क्षणभर चित्रपट जागा होतो. मग तेच रक्त उपयोगी पडते आणि प्रश्नच मिटतो. अर्जून मिळवलेले वारशाने मिळाल्याचे दाखवले, तर खेळणाऱ्याला फसवल्यासारखे वाटणारच.

सुमारे ३ कोटी डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाने अमेरिकेत सव्वा कोटीही मिळवले नाहीत. त्यातलेही काही प्रेक्षक आले ते ‘स्टार वॉर्स’च्या आगामी भागाची झलक पाहायला. रॉबर्ट्स पुढे काही वर्षे चित्रपटनिर्मितीत रमले आणि २०१२ साली लोकवर्गणीतून अंतराळयुद्धाचा नवा खेळ घडवण्याची घोषणा करून आपल्या मूळ माध्यमाकडे परतले. त्यातल्या ‘स्क्वाड्रन ४२’ या कथाभागासाठी त्यांनी ज्या नटांना बोलावले, त्यांत मार्क हॅमिल होते.