यीस्टने औषध केले, पुढे काय?

पाव तुम्ही सगळेच खाता आणि तो कशाने फुगतो हेही तुम्हांला ठाऊक आहे. यीस्ट नावाची एकपेशीय बुरशी पिठातील साखर खाते, कार्बन डायऑक्साइड सोडते आणि पिठाला जाळी पडते. गोव्यातले पोदेर पूर्वी याच कामासाठी पिठात माडाची सूर घालीत. सुरेत यीस्ट असते हे त्यांना कोणी सांगितले नव्हते, पण पाव मात्र उत्तम होत असे. आपल्या साखर कारखान्यांत मळीपासून मद्यार्क तयार होतो, तोही यीस्टच्याच कृपेने. माणूस हजारो वर्षे या बुरशीला राबवीत आला आहे. मात्र ती स्वभावतः जे करते तेवढेच त्याने तिच्याकडून करून घेतले.

गेल्या पंचवीस वर्षांत एक निराळी गोष्ट घडली. जे काम यीस्टच्या स्वभावात नाही, ते त्याला शिकविण्यात आले. एका वनस्पतीच्या पानांत जे औषधी द्रव्य तयार होते, त्याचा कच्चा माल यीस्टने टाकीत करावा असे शास्त्रज्ञांनी ठरविले आणि यीस्टने तो केला. ही हकिगत बहुतेक ठिकाणी एवढ्यावरच संपविली जाते. मला तुमच्याशी बोलायचे आहे ते त्यापुढच्या भागाविषयी. पण आधी काय घडले ते नीट पाहू.

रसायनशास्त्रज्ञ साधे रेणू जोडून हवा तो नवा रेणू तयार करतात. त्याचप्रमाणे जनुके जोडून, बदलून सजीवाकडून हवे ते काम करवून घेण्याच्या विद्येला संश्लेषी जीवशास्त्र म्हणतात. तिची पाळेमुळे बरीच जुनी आहेत. आपल्याकडे जन्मलेले डॉ. हरगोविंद खोराना यांनी १९७० साली अमेरिकेत एक संपूर्ण जनुक रासायनिक पद्धतीने जोडून दाखविले. १९७८ मध्ये मानवी इन्सुलिनची जनुके अशीच तयार करून जीवाणूंत बसविण्यात आली, आणि १९८२ पासून ते इन्सुलिन रुग्णांना मिळू लागले. त्यापूर्वी ते डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडांतून काढावे लागे. २०१० साली क्रेग व्हेंटर यांच्या गटाने एका जीवाणूचे सुमारे १० लाख ८० हजार अक्षरांचे संपूर्ण गुणसूत्र प्रयोगशाळेत जोडले, तेव्हा ‘माणसाने जीव निर्माण केला’ असे मथळे झळकले. ते खरे नव्हते. गुणसूत्र नवे होते, पण ते ज्या पेशीत घातले ती पेशी निसर्गाचीच होती. घराचा आराखडा बदलला म्हणून विटा आपण भाजल्या असे होत नाही.

आता मूळ गोष्टीकडे वळू. चैत्रात देवाला दवणा वाहतात, तो तुम्ही हुंगला असेल. त्याच आर्टेमिसिया कुळातली एक वनस्पती चीनमध्ये उगवते. तापावर तिचा उपयोग होतो असे चौथ्या शतकातील एका चिनी वैद्यकग्रंथात नमूद आहे. १९६७ मध्ये चीनने मलेरियावर औषध शोधण्याची मोठी मोहीम हाती घेतली. तिच्यात काम करणाऱ्या श्रीमती यूयू तू यांचे या जुन्या नोंदीतील एका बारकाव्याकडे लक्ष गेले. तिथे पाला उकळायला नव्हे, तर पाण्यात भिजवून पिळून घ्यायला सांगितले होते. उष्णतेने औषधी द्रव्य नष्ट होत असावे असा तर्क करून त्यांनी कमी तापमानाला उकळणारे ईथर वापरून अर्क काढला आणि तो गुणकारी ठरला. तेच आर्टेमिसिनिन. २०१५ साली श्रीमती तू यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मलेरियाच्या जंतूंना जुनी औषधे पचू लागली, तेव्हा आर्टेमिसिनिनयुक्त मिश्र औषधांनीच जगाला हात दिला.

अडचण होती पुरवठ्याची. वाळलेल्या पानांत हे द्रव्य जेमतेम शेकडा एक भाग, पुष्कळदा त्याहूनही कमी असते. पेरणीपासून गोळी तयार होईपर्यंत दीड वर्षापर्यंत काळ जातो. चीन, व्हिएतनाम, केनिया, टांझानिया, मादागास्कर येथील लहान लहान शेतकरी हे पीक घेतात. मागणी वाढली की भाव चढतो. भाव चढला की सगळेच आर्टेमिसिया लावतात, आणि पुढच्या हंगामात भाव कोसळतो. कांद्याची ही कथा तुम्हांला नवी नाही. २००५ च्या सुमारास आर्टेमिसिनिन किलोला १००० डॉलरांच्याही वर गेले होते; दोन वर्षांत ते त्याच्या एका लहान अंशावर आले.

कॅलिफोर्नियातील प्रा. जे कीसलिंग यांनी यावर वेगळा उपाय योजला. यीस्ट आपल्या पेशीपटलासाठी एर्गोस्टेरॉल नावाचे द्रव्य बनविते. ते बनविताना वाटेत एक रेणू तयार होतो, आणि गंमत म्हणजे आर्टेमिसिया वनस्पतीसुद्धा त्याच रेणूपासून पुढे आर्टेमिसिनिनकडे वळते. म्हणजे अर्धी वाट दोघांची एकच आहे! शेतात पाणी देताना एका वाफ्याचे दार बुजवून पाट दुसऱ्या वाफ्याकडे वळवितात, तसेच इथे केले. वनस्पतीची जनुके यीस्टमध्ये बसविली. ती जी विकरे तयार करतात, त्यांनी तो रेणू नव्या वाटेला लावला. जुनी वाट पूर्ण बंद करता येत नव्हती, कारण एर्गोस्टेरॉलवाचून यीस्ट जगणार नाही. म्हणून ते दार नुसते अरुंद केले. अशा यीस्टने आर्टेमिसिनिक आम्ल तयार केले. त्यावर पुढे प्रकाश व ऑक्सिजन यांच्या साह्याने रासायनिक प्रक्रिया केली की आर्टेमिसिनिन मिळते.

सांगायला हे सोपे वाटते. पण २००४ मध्ये या कामाला ४ कोटी २६ लाख डॉलरांचे अनुदान मिळाले होते, आणि एकंदर सुमारे दीडशे मनुष्यवर्षे खर्ची पडली. २००६ साली एक लिटर द्रावणात सुमारे १०० मिलिग्रॅम आम्ल मिळत होते; २०१३ पर्यंत ते २५ ग्रॅमवर नेण्यात आले. सात वर्षांत अडीचशे पट! याच वर्षी सानोफी कंपनीच्या इटलीतील गारेसिओ येथील कारखान्यात मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले. ना नफा, ना तोटा या तत्त्वावर भाव ठरला किलोला ३५० ते ४०० डॉलर.

आणि मग? शेतातले आर्टेमिसिनिन २५० डॉलरांच्या खाली आले. टाकीतल्या मालाला गिऱ्हाईक उरले नाही. २०१५ मध्ये त्या कारखान्यात एक किलोसुद्धा आर्टेमिसिनिन तयार झाले नाही, आणि पुढे कारखाना दुसऱ्या कंपनीला विकण्यात आला.

यावर दोन प्रकारची मते ऐकू येतात. एक गट म्हणतो, पाहा, एवढा खटाटोप करून शेवटी साध्या रोपट्यानेच यांना हरविले. दुसरा म्हणतो, विज्ञान यशस्वी झाले, बाजाराने घात केला. मला ही दोन्ही मते अपुरी वाटतात. पहिल्या गटाने हे ध्यानात घ्यावे की २०२३ या एका वर्षात मलेरियाने सुमारे ५ लाख ९७ हजार माणसे दगावली, आणि त्यांत बहुसंख्य आफ्रिकेतील पाच वर्षांखालची मुले होती. आर्टेमिसियाच्या एका हंगामात पाऊस फसला आणि भाव कडाडला, तर त्या मुलांनी वाट पाहत थांबायचे काय? टाकीतले औषध हा दुष्काळासाठी बांधलेला तलाव आहे. चांगला पाऊस झाला त्या वर्षी तलाव लागला नाही, म्हणून तो फुकट बांधला असे कोणी म्हणत नाही. पण तलावाचा गाळ काढायला दरवर्षी पैसा लागतो. तो कोणी द्यावा, हे इथे आधी कोणी ठरविलेच नव्हते. एकट्या कंपनीने तो वर्षानुवर्षे द्यावा ही अपेक्षा भाबडी होती.

दुसऱ्या गटाला माझा प्रश्न असा: यीस्ट खरोखरच स्वस्त पडले असते तर? केनियातल्या त्या शेतकऱ्याचे काय झाले असते?

हा प्रश्न काल्पनिक नाही, कारण असे आपल्या देशात एकदा घडून गेले आहे. १८९७ साली रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू सापडला. त्याच वर्षी जर्मनीतील बीएएसएफ कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली. बिहारमधील चंपारण्यात तेव्हा कुळांना बिघ्याच्या वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत सक्तीने नीळ लावावी लागे. कृत्रिम निळीने नैसर्गिक निळीचे भाव पाडले, तेव्हा मळेवाल्या गोऱ्या साहेबांनी काय केले? ‘आता तुम्ही नीळ लावू नका, तुम्हांला मोकळे करतो,’ असे म्हणून त्याच्या बदल्यात कुळांचा सारा वाढविला किंवा त्यांच्याकडून रोख रक्कम उकळली. शोध लागला जर्मनीत, नफा झाला तिथल्या कंपनीला, आणि तोटा मळेवाल्याच्या खांद्यावरून अलगद उतरून कुळाच्या पाठीवर बसला. १९१७ मध्ये गांधीजी तिथे का गेले ते तुम्ही इतिहासात वाचता. रसायनशास्त्राच्या तासाला निळीचे सूत्र शिकविताना मात्र हे कोणी सांगत नाही.

यावरून कृत्रिम नीळ करूच नये होती असे मी म्हणणार नाही. सक्तीची नीळ गेली हे चांगलेच झाले. माझे म्हणणे एवढेच आहे की नव्या शोधाने होणारा तोटा आपोआप सर्वांत दुबळ्या माणसाकडे वाहत जातो, आणि तो अडवायचा तर त्याचा विचार शोध पुरा होण्याआधी करावा लागतो. यीस्टमध्ये कोणते जनुक घालायचे याचा आराखडा काढतानाच, या मालाने कोणाचे पीक मरेल आणि त्याला दुसरे काय देता येईल, हेही त्या आराखड्यात हवे. हा विषय समाजशास्त्राचा, आपला नव्हे, असे म्हणून विज्ञानाच्या विद्यार्थ्याने हात झटकू नयेत.

प्रत्येक वेळी शेतकरीच बुडतो असेही नाही. सौंदर्यप्रसाधनांत वापरले जाणारे स्क्वालेन नावाचे तेल पूर्वी शार्क माशांच्या यकृतातून काढीत. ब्राझीलमध्ये उसाच्या साखरेवर यीस्ट वाढवून त्यापासून ते मिळविण्याची रीत निघाली, तेव्हा शार्क तेवढे वाचले. पुण्यात तयार होणाऱ्या आर-२१ या मलेरियाच्या लशीची जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये शिफारस केली. तिच्यातले प्रथिनही यीस्टच्या पेशींकडूनच करवून घेतात. तिने तर कोणाचेच पीक मारलेले नाही. म्हणून प्रत्येक मालाचा हिशेब वेगळा मांडला पाहिजे.

वर उसाचे नाव आले आहे, तर आपल्या घरचेही थोडे पाहू. यीस्ट हवेवर जगत नाही, त्याला साखर लागते. उद्या औषधे, सुगंध, रंग, इंधन सारेच टाकीत होऊ लागले, तर इतकी साखर येणार कुठून? ब्राझीलप्रमाणेच महाराष्ट्राकडेही लोक बोट दाखवतील. आपले कारखानदार आनंदतील आणि उसाला चांगला भाव मिळेल, हे खरे. पण आजच राज्यातील सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा वाटा ऊस पितो, आणि मराठवाड्यात टँकरपुढे रांगा लागतात. केनियातल्या शेतातले पीक टाकीत गेले असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात ते शेत नाहीसे होत नाही, दुसऱ्या कोठल्या तरी उसाच्या फडात जाऊन बसते.

या विद्येच्या धोक्यांविषयी पुष्कळ लिहिले जाते, म्हणून मी थोडक्यात आटोपतो. धोके खरे आहेत. कॅनडातील शास्त्रज्ञांनी टपालाने मागविलेले डीएनएचे तुकडे जोडून देवीच्या विषाणूचा भाईबंद असलेला घोड्यांचा एक विषाणू तयार केला, आणि २०१८ मध्ये ते काम प्रसिद्ध झाले. डिसेंबर २०२४ मध्ये ३८ शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन, आरशातल्या प्रतिमेसारख्या उलट्या रेणूंचे जीवाणू करण्याच्या वाटेला जाऊ नये असा इशारा दिला. १९७५ साली असिलोमार येथे जनुकजोडणी करणाऱ्यांनी स्वतःच बसून स्वतःवर बंधने घालून घेतली होती, त्याच परंपरेतले हे पाऊल आहे. भारतातही अशा सजीवांसाठी १९८९ पासून नियम आहेत. अपघात आणि दुरुपयोग यांवर निदान चर्चा तरी होते. पण सारे काही सुरळीत चालले असताना कोणाचे नुकसान होते, यावर ती क्वचितच होते.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. दहावीच्या वर्गात जैवतंत्रज्ञानाचा पाठ संपला की एक जादा तास घ्या. वर्गाचे चार गट पाडा: तापाने फणफणलेल्या मुलाची आई, आर्टेमिसिया लावणारा केनियातील शेतकरी, गारेसिओच्या कारखान्याचा व्यवस्थापक आणि सोलापूर जिल्ह्यातील ऊसवाला. फळ्यावर दोन आकडे लिहा: शेतातले आर्टेमिसिनिन किलोला २५० डॉलर, टाकीतले ४००. पुढच्या वर्षी पाऊस कसा होईल हे कोणालाच माहीत नाही. मग वर्गाला विचारा, टाकी चालू ठेवायची की बंद करायची, आणि चालू ठेवायची तर मधल्या दीडशे डॉलरांचा भार कोणी उचलायचा? तासाभरात एकमत होणार नाही. वर्गाचा निर्णय आणि त्याला विरोध करणाऱ्यांची कारणे, दोन्ही मासिकाच्या पत्त्यावर पाठवा.