सल्ला, सही आणि वैमानिक

लढाऊ विमानातील संगणक केवळ सल्ला देतो, अंतिम निर्णय वैमानिकाचाच असतो, तेव्हा चिंतेचे कारण नाही, असे प्रतिपादन हल्ली मोठ्या आत्मविश्वासाने केले जाते. आम्हांस ते मान्य नाही. सरकारी कचेरीत टिपणी आम्ही कारकून लिहितो आणि सही साहेब करतात. पण दिवस मावळताना मेजावर पन्नास फायली पडलेल्या असल्या, म्हणजे निर्णय वस्तुतः कोणाचा असतो, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.

मदतीची गरज आम्ही नाकारीत नाही. रडार, इंधन, शस्त्रे, धोक्याचे इशारे, सोबतची विमाने, या सर्वांकडे एका जिवाने एकाच क्षणी पाहावे तरी किती? अमेरिकेने १९८६ साली ‘पायलट्स असोसिएट’ हा प्रकल्प हाती घेतला, तो याच अडचणीपोटी. एफ-१६ विमानांत २०१४ पासून बसविलेली एक व्यवस्था, वैमानिकाची शुद्ध हरपली असता, जमिनीकडे झेपावणारे विमान आपण होऊन सावरते; तिने प्राण वाचविले आहेत. परंतु जमीन हूल देत नाही, शत्रू देतो. ऑगस्ट २०२० मध्ये आभासी झुंजीत संगणकाने अनुभवी वैमानिकास पाच-शून्य असे हरविले, याचा केवढा डांगोरा पिटला गेला! त्या झुंजीत प्रतिस्पर्ध्याचे अचूक स्थान संगणकास आयतेच पुरविलेले होते, याचा मात्र उच्चार होत नाही.

खऱ्या रणांगणावरचा दाखला हवा असेल, तर तो जमिनीवरील यंत्राचा आहे. मार्च २००३ मध्ये इराकच्या युद्धात मोहिमेवरून परतणारे ब्रिटिश टॉर्नेडो विमान अमेरिकन पॅट्रियट यंत्रणेने शत्रूचे क्षेपणास्त्र ठरविले. तुकडीस विचारास मिळाले जेमतेम एक मिनिट. अस्त्र सुटले; विमानातील दोघेही प्राणास मुकले. निर्णय तेथेही माणसाचाच होता! पारखण्यास अवधी नसलेला सल्ला हा हुकूमच होय. आणि हवाई झुंजीत तर मिनिट ही चैन ठरते.

म्हणून आमची मागणी साधी आहे. यंत्राने निष्कर्षासोबत त्याचा आधार आणि आपली शंकाही दाखवावी. सल्ला झुगारणाऱ्या वैमानिकास केवळ तेवढ्यावरून दोषी धरू नये. आणि सल्ला चुकला, तर यंत्र घडविणारे व ते पसंत करणारे यांचीही नावे चौकशीच्या फायलीत यावीत. हे होणार नसेल, तर वैमानिकास आपण केवळ सहीपुरते आकाशात धाडीत आहोत, एवढे तरी उघड कबूल करावे.