दिसलेले आणि असलेले

चेन्नईच्या भरवस्तीत, राजभवन आणि आयआयटी मद्रासच्या आवाराला लागून असलेले गिंडी राष्ट्रीय उद्यान जेमतेम २.७ चौरस किलोमीटरचे आहे, त्यामुळे तिथली काळविटे आणि चितळे मोजणे हे एका सकाळचे काम असावे, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात एवढ्याशा जागेतही शिरगणती फसते, कारण डोळ्यांना दिसलेले प्राणी आणि जंगलात असलेले प्राणी या दोन निराळ्या संख्या आहेत.

काळवीट मोकळ्या गवतात रमते आणि नराचा गडद रंग, पांढरे पोट व पीळदार शिंगे दुरूनही नजरेत भरतात. चितळ मात्र झुडपांच्या सावलीत स्तब्ध उभे राहिले, की त्याच्या अंगावरचे ठिपके आणि पानांतून पडणारे कवडसे एकमेकांत मिसळतात. कान हलला तरच पत्ता लागतो. दोघांची मोजणी एकाच फेरीत, एकाच मापाने केली, तर काळविटे जवळपास पुरती सापडतात, चितळे बरीच निसटतात आणि कोणाला किती चारा लागतो याचा सगळा हिशेबच चुकतो.

यावरचा एक उपाय म्हणजे आखलेल्या सरळ रेषेवरून चालत जाणे आणि दिसलेला प्रत्येक कळप त्या रेषेपासून काटकोनात किती अंतरावर आहे, याची नोंद ठेवणे. अंतर वाढते तसे प्राणी कमी दिसतात. ही घट किती वेगाने होते, त्यावरून न दिसलेल्यांचा अंदाज बांधता येतो. दुसरी पद्धत ओळखीची. चितळाच्या ठिपक्यांची ठेवण प्रत्येकात वेगळी असते. समजा, पहिल्या दिवशी ४० चितळांची छायाचित्रे घेतली आणि दुसऱ्या दिवशी दिसलेल्या ५० पैकी २० आधीचीच निघाली, तर ४० गुणिले ५० भागिले २० म्हणजे सुमारे १०० हा अंदाज येतो. एक मुख्य अट अशी, की मधल्या काळात जनावरे बाहेर जाता कामा नयेत, बाहेरून येताही कामा नयेत.

व्याघ्रगणनेत ओळख पटवण्याच्या याच तत्त्वाने कॅमेरा ट्रॅप पावलांच्या ठशांच्या जागी आले. राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्रप्रकल्पात कागदावर वाघ नोंदले जात होते आणि २००५ च्या सुरुवातीस तिथे एकही उरला नसल्याचे उघड झाले, हा धडा देशाने फार मोठी किंमत मोजून घेतला. महाराष्ट्रात बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून होणारी पाणवठ्यावरची मोजणी माणसांना जंगलाच्या जवळ आणते आणि त्यासाठी ती अवश्य व्हावी, परंतु एकच सांबर दोन पाणवठ्यांवर दोनदा मोजले जाऊ शकते, म्हणून त्या आकड्याला वन्यप्राण्यांची संख्या म्हणू नये.

गिंडीतल्या मोजणीचा प्रश्न जुना आहे. टी. आर. शंकर रामन, आर. के. जी. मेनन आणि रमण सुकुमार यांनी तिथल्या चितळ-काळविटांवरचा अभ्यास १९९६ साली मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात मांडला. राजभवन, उद्यान आणि आयआयटी ही एकाच जुन्या जंगलाची शकले असल्याने तिन्हींची गणना एकाच दिवशी, एकाच पद्धतीने व्हावी, आणि जाहीर होताना एकटा आकडा न देता किमान-कमाल मर्यादाही सोबत छापली जावी. काळविटांसाठी किती माळ मोकळा राखायचा, हे ठरवणाऱ्याच्या हातात निदान तेवढे तरी असायला हवे.