भाजी मिठाच्या पाण्यात, घर मात्र फवाऱ्यात

द्राक्षं मिठाच्या पाण्यात किती वेळ बुडवायची, हा व्हिडिओ तुमच्याही फोनवर आला असेल. माबेल्यातल्या आमच्या ग्रुपवर तो सारखा फिरतो. त्याच ग्रुपवर उन्हाळा लागला की प्रश्न येतो, "झुरळांसाठी चांगला फवारणीवाला कोण? औषध स्ट्राँग पाहिजे."

मीही विचारलाय तो प्रश्न. मुलगी तेव्हा रांगत होती. मास्क आणि हातमोजे घातलेला माणूस फवारून गेला. आम्ही दोन तास मॉलमध्ये काढले आणि परत येऊन तिला त्याच फरशीवर सोडलं.

2015 साली 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात हार्वर्डच्या संशोधकांनी 16 अभ्यास एकत्र तपासले. घरात कीटकनाशक वापरलेल्या मुलांमध्ये ल्युकेमियाचा धोका 47 टक्क्यांनी आणि लिम्फोमाचा 43 टक्क्यांनी जास्त दिसला. घराबाहेर मारलेल्या कीटकनाशकांशी तसा ठळक संबंध दिसला नाही. म्हणजे बोट आपल्याच स्वयंपाकघराकडे आहे!

आता कोणी म्हणेल, हे सिद्ध झालेलं नाही. बरोबर. आजारी मुलाची आई जुनं सगळं आठवून आठवून सांगते, निरोगी मुलाची आई विसरते, त्यामुळे आकडा फुगू शकतो. शिवाय मुलांमधला ल्युकेमिया मुळात दुर्मिळ आहे. दुर्मिळ गोष्टीचे 47 टक्के थोडेच. घाबरून घर विकायला मी सांगत नाही. पण जी गोष्ट सहज टाळता येते, तिच्यासाठी तुम्हाला किती पुरावा हवा? द्राक्षांच्या बाबतीत तर तुम्ही एका व्हिडिओवर विश्वास ठेवलात.

आणि एक बोचणारी गोष्ट. 2017 मध्ये यवतमाळात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा आपल्यातले कितीतरी म्हणाले, "मास्क घालत नाहीत, अडाणी आहेत." भर उकाड्यात, ओल्या पिकात, पाठीवर पंप घेऊन मास्क घालून बघा. 2009 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी 31 अभ्यास तपासले. गरोदरपणी कामावर कीटकनाशकांच्या संपर्कात आलेल्या स्त्रियांच्या मुलांमध्ये ल्युकेमियाचा धोका साधारण दुप्पट निघाला. विदर्भात कपाशीच्या रानात राबणाऱ्या बायकांना हे कोण सांगणार? त्यांना काम टाळण्याची सोय नाही. आपल्याला फवारा टाळण्याची आहे.

इथली मोठी झुरळं बहुतेक गटारातून येतात. नाल्यांना जाळ्या बसवा, सिंकखालची भोकं सिमेंटने बुजवा, मुलांचा हात पोचणार नाही अशा फटीत जेल लावा. घरमालक कुरकुर करेल; भाडं घेतो, ऐकेल. तरीही फवारायची वेळ आलीच, तर औषधाचं नाव विचारा. मागच्या खेपेला मी विचारलं. त्या माणसाने डबा फिरवून दाखवला, लेबल निम्मं फाटलेलं होतं. मी त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं.