ताडपत्री फाटते कशाने?



श्रीरामपूर तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे शिलाईचे दुकान आहे. दुकान म्हणजे आठ बाय दहाचा गाळा आणि पुढे लोखंडी पाइपांवर बांधलेली ताडपत्री. मशीन त्या ताडपत्रीखालीच असते, कारण आत उजेड नाही. त्या लिहितात, "ताई, तीन वर्षे झाली. दर शिमग्याला नवी ताडपत्री बांधते आणि मृगाच्या आत ती फाटते. आठ दिवसांची कमाई त्यात जाते. सासूबाई म्हणतात नजर लागते, लिंबू-मिरची बांध. मी बांधलेली नाही. पण मग फाटते कशाने, ते तुम्ही सांगा."

बांधली नाहीत हे बरे केले, ताई. आता फाटते कशाने ते पाहू.

आपल्याला वाटते, ताडपत्री पावसाने जाते. आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्याचा डोंगराकडचा भाग सोडला तर पाऊस असतो किती? ताडपत्रीचा खरा वैरी ऊन आहे. बाजारात निळी, पिवळी किंवा काळी मिळते ती प्लॅस्टिकच्या पट्ट्या विणून केलेली असते. उन्हातल्या अतिनील किरणांनी प्लॅस्टिकचे धागे आतून तुटत जातात. वरून ती धड दिसते, पण हात फिरवला तर खडूसारखी पांढरी भुकटी बोटाला लागते. कोपरा मुठीत धरून पिळला की कडकड वाजतो. अशी ताडपत्री मार्च, एप्रिल, मे असे तीन महिने तापते आणि एखाद्या दुपारी वळीव येतो. फाडल्याचे नाव वळवावर जाते, पण तिला कुजवून ठेवलेले असते उन्हाने.

वाऱ्याचा हिशेब तर लक्षात ठेवण्यासारखा आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. दहा फूट लांब आणि सहा फूट रुंद ताडपत्रीवर ताशी 30 किलोमीटरचा वारा समोरून बसला तर साधारण 24 किलोचा जोर येतो. तोच वारा 60 चा झाला की जोर 95 किलोच्या आसपास जातो. म्हणजे अडीच मणी पोते कोणी ताडपत्रीवर फेकून मारावे तसे. हा सगळा भार येतो कोपऱ्यांतल्या चार रिंगांवर आणि चार दोऱ्यांवर. त्यातली एक रिंग निघाली की उरलेल्या तिघींचे काय होणार ते सांगायला नको.

उन्हाळी वादळाला कोणी हलके समजू नये. 9 एप्रिल 2023 रोजी अकोला जिल्ह्यातील पारस येथे वादळात मोठे झाड पत्र्याच्या शेडवर कोसळले आणि आडोशाला थांबलेली 7 माणसे गेली. 13 मे 2024 रोजी मुंबईत घाटकोपरला धुळीच्या वादळात पेट्रोल पंपावर अवाढव्य जाहिरात फलक पडला आणि 17 जणांचा जीव गेला. पावसाळा सुरू होण्याच्या कितीतरी आधीच्या या गोष्टी आहेत. म्हणून दुकानापुढच्या छपरीची डागडुजी जूनवर ढकलायची नाही. एप्रिलच्या अखेरीस एक सकाळ त्यासाठी काढावी.

त्या सकाळी पहिले काम म्हणजे ताडपत्री खाली उतरवणे. वर असतानाच पाइपने पाणी मारून धुणारे पुष्कळ आहेत. त्याने वरची धूळ खालच्या मालावर येते आणि पाणी तर दुप्पट लागते. नगर शहराला पाणी मुळा धरणातून येते आणि तेही रोज येत नाही. पाथर्डी, जामखेड, कर्जतकडे मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या घरांना मी 'भरपूर पाण्याने धुवा' असे कोणत्या तोंडाने सांगू? दोन बादल्यांत हे काम होते. ताडपत्री उतरवून आधी कोरडीच झटकावी आणि मऊ केरसुणीने दोन्ही बाजूंनी झाडावी. निम्म्याहून जास्त मळ इथेच जातो. मग पहिल्या बादलीत कपड्याचा साधा साबण कालवून फडक्याने किंवा मऊ ब्रशने पुसावी, आणि दुसऱ्या बादलीतल्या स्वच्छ पाण्याने साबण काढावा. साबण राहिला तर त्याला धूळ चिकटते आणि आठ दिवसांत पुन्हा तेच. पक्ष्यांची विष्ठा कोरडी खरवडू नये, ओले फडके दहा मिनिटे ठेवले की आपोआप सुटते. उरलेले पाणी दुकानासमोर शिंपडले तर तेवढी धूळ बसेल.

कॉस्टिक सोडा, संडासचे ॲसिड, उकळते पाणी आणि तारेचा घासणा या चार गोष्टी ताडपत्रीपासून दूर ठेवा. लख्ख दिसते म्हणून लोक वापरतात, पण वरचा थर जातो आणि मग पाणी झिरपू लागते.

सुती कॅनव्हासची ताडपत्री अजून कोणाकडे असेल तर तिला साबणही नको. तिच्यावर मेणाचा हात दिलेला असतो, तो साबणाने उतरतो. ती फक्त झाडावी आणि गार पाण्याने पुसावी. मेण आधीच गेले असेल तर एक जुना उपाय आहे. कापड साबणाच्या पाण्यात भिजवून वाळवायचे आणि मग तुरटीच्या पाण्यात भिजवून पुन्हा वाळवायचे. साबण आणि तुरटी मिळून पाण्यात न विरघळणारा पदार्थ धाग्यांवर बसतो आणि पाणी थेंबाथेंबाने घरंगळते. प्लॅस्टिकवर मात्र याचा उपयोग नाही. आणि कोणतीही ताडपत्री ओली असताना घडी करू नये. बुरशी घडीतच धरते.

वडापाव, भजी, चहा यांच्या गाड्यावाल्यांना एक वेगळे सांगणे आहे. तुमच्या ताडपत्रीच्या आतल्या बाजूला तेलाची वाफ आणि काजळी बसते. तो थर पेट घेतो. शेगडीच्या वरचा भाग दर आठवड्याला साबणाने पुसा, आणि जमले तर तेवढ्या भागात ताडपत्री काढून पत्राच लावा.

आता बांधणी. आठ बाय दहाच्या गाळ्यापुढे बहुतेकजण ताडपत्री सपाट ताणतात, सावली जास्त मिळते म्हणून. पावसात तिच्या पोटात पाणी साचते. तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि तीन इंच खोल एवढे डबके म्हणजे 60 किलोहून अधिक पाणी. काठीने ते ढकलताना पाइप वाकलेले मी कितीदा पाहिले आहेत. सहा फूट पुढे काढली असेल तर दीड फूट तरी उतार द्यावा. दोरी नायलॉनची असली तरी उन्हाने तीही कुजते, म्हणून ताडपत्री धुताना दोऱ्याही तपासाव्यात आणि जुनी दोरी वाचवू नये. दोरी रिंगेतून ओवताना रिंगेभोवतीचे कापड फाटू लागले असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा दुहेरी करून शिवून घ्यावा. शिलाईवाल्या भगिनीला हे मी काय शिकवायचे! पुढच्या दोन कोपऱ्यांना सुरगाठ मारावी. वावटळ दिसली की एका हिसक्यात सुटली पाहिजे. गुंडाळलेल्या ताडपत्रीला वारा काही करत नाही.

नवी घ्यायची असेल तर रंगावर आणि फुटावर घेऊ नका, वजनावर घ्या. दर चौरस मीटरला किती ग्रॅम, हे दुकानदाराला विचारा. दोनशेच्या खालची उन्हाळा काढेल याचा भरवसा नाही. आणि वाढदिवसाच्या फ्लेक्सची छपरी! आमच्या भागात नेते उलटे टांगून सावली देतात, एवढे तरी काम त्यांच्याकडून होते. पण फ्लेक्स बाहेर कायम राहण्यासाठी केलेला नसतो. त्याला रिंगा नसतात, भोक पाडले की तिथूनच फाटतो. तात्पुरता ठीक.

पत्र्याच्या छपरीला धुणे कमी आणि पाहणे जास्त. जिथे हुक किंवा स्क्रू आहे तिथेच गंज धरतो, कारण तिथला जस्ताचा थर गेलेला असतो. तारेच्या ब्रशने गंज काढून रेड ऑक्साईडचा हात द्यावा, तो वाळल्यावर ऑइलपेंट. रबराचे वॉशर उन्हाने तडकतात, ते बदलावेत. स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावर असावा, खोलगट भागात मारला तर पाणी तिथूनच आत येणार. एक हुक सैल असला की वारा पत्र्याखाली शिरतो, आणि सुटलेला पत्रा म्हणजे उडती तलवार.

मला खरे तर पुढच्या गोष्टीसाठी हे सगळे लिहायचे होते.

ताडपत्री बायका-माणसे मिळून उतरवतात. पण बाजारातल्या मोठ्या दुकानांवरचे पत्रे झाडायला, फलक पुसायला, पावसाळ्याआधी भोके बुजवायला वर कोण चढते? दुकानदाराचा मुलगा नाही चढत. आपल्या वस्तीतली पोरे चढतात, दिवसाची हजेरी ठरवून. काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतला एक मुलगा असाच चढला. पत्रे सिमेंटचे होते. वरून पक्के दिसतात म्हणून तो मधोमध उभा राहिला. खाली आधार नव्हता. पत्रा फुटला आणि तो आत पडला. जीव वाचला, पण कंबरेचे हाड गेले. मालकाने पहिल्या दिवसाचे बिल दिले, नंतर ओळख दिली नाही. त्याची आई पुढची दोन वर्षे दुसऱ्यांची धुणी धुऊन ते कर्ज फेडत होती.

म्हणून मायबहिणींनो, मुलगा अशा कामाला निघाला तर त्याला चार गोष्टी विचारा. पत्रा सिमेंटचा आहे का? असेल तर त्यावर पाय देऊ नको. जावेच लागले तर दोन आधारांवर टेकेल एवढी लांब फळी टाकून, बोल्टांच्या रांगेवरूनच. आणि तो कोरडा घासू नको, कारण अनेक जुन्या सिमेंट पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतो. त्याची बारीक तुसे श्वासाबरोबर फुप्फुसात गेली की निघत नाहीत आणि त्रास वीस-तीस वर्षांनी दिसतो. शिडी कोण धरणार? बारा फूट उंचीला शिडीचा पाय भिंतीपासून तीन फूट पुढे हवा, आणि खाली माणूस हवाच. तार किती लांब आहे? बाजारात विजेच्या तारा छपरीला घासून गेलेल्या असतात. साध्या दाबाच्या उघड्या तारेपासूनही आडवे अंतर निदान 1.2 मीटर, म्हणजे चार फूट, असावे असा नियम आहे. तेवढे नसेल तर लोखंडी शिडी आणि ओला पाइप घेऊन तिथे जायचे नाही. महावितरणला 1912 वर कळवायचे आणि काम थांबवायचे. चौथी गोष्ट, पडलास तर दवाखान्याचा खर्च कोण करणार? हे चढायच्या आधी, दोन माणसांसमोर बोलून घ्यायचे. विचारले म्हणून काम जाते, असे पोरे म्हणतात. जाऊ द्यावे.

आणि वेळ सकाळी नऊच्या आतली. मे महिन्यात दुपारी पत्र्यावर हात ठेववत नाही, तिथे माणूस चक्कर येऊनच पडेल.

हातगाडी आणि टपरीवाल्यांसाठी एक कायद्याची गोष्ट. पावसाळ्याआधी अतिक्रमणाची गाडी येते आणि मालाबरोबर ताडपत्री, पाइपही उचलून नेते. पथविक्रेत्यांसाठीचा 2014 चा कायदा सांगतो की, उचललेल्या मालाची यादी करून सहीची प्रत तुम्हाला दिली पाहिजे. नाशवंत नसलेला माल, तुम्ही मागणी केल्यापासून कामाच्या दोन दिवसांत आणि नाशवंत माल त्याच दिवशी, ठरलेले शुल्क घेऊन परत द्यायचा आहे. म्हणून ताडपत्रीवर पक्क्या रंगाने आपले नाव लिहून ठेवा आणि गाडी आली की आधी यादी मागा. भांडण नंतर.

पत्र पाठवणाऱ्या भगिनीने दोन गोष्टी कळवल्या नाहीत. दुकानाचे तोंड कोणत्या दिशेला आहे आणि ताडपत्री नेमकी कुठून फाटते, मधून की रिंगेपाशी? तोंड पश्चिमेला असेल तर दुपारनंतरचे सगळे ऊन तिच्यावर येते, अशा जागी पुढे जुन्या साडीचा पडदा लावला तरी फरक पडेल. रिंगेपाशी फाटत असेल तर दोष दोरी ताठ बांधण्यात आहे. दोन ओळींचे पोस्टकार्ड टाका, पुढच्या वेळी त्यावरच लिहीन.